जॉइन की डिटॅच? या प्रश्नामागचा माणूस : एड्सगर डाइक्स्ट्रा



सी भाषेत मल्टिथ्रेडिंग शिकायला घेतलं की दोन-तीन दिवसांतच एक प्रश्न समोर येतो. थ्रेड तयार करताना तो जॉइनेबल ठेवायचा की डिटॅच्ड? बहुतेक ट्युटोरियल याचं उत्तर एका ओळीत देऊन पुढे जातात. थ्रेडचा निकाल हवा असेल तर जॉइन करा, नको असेल तर डिटॅच करा. हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. निकाल नको असला तरी काम संपलं की नाही हे कुणाला तरी माहीत असावंच लागतं. म्हणजे खरा प्रश्न असा आहे की, एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा शेवट कोण पाहणार?

या प्रश्नावर एका डच प्राध्यापकाने १९६५ मध्येच बोट ठेवलं होतं. तेव्हा ‘थ्रेड’ हा शब्द आजच्यासारखा रुळलेलाही नव्हता. त्यांचं नाव एड्सगर डाइक्स्ट्रा. कॉलेजमध्ये आपण त्यांना फक्त ‘शॉर्टेस्ट पाथवाले’ म्हणून ओळखतो. आज त्यांचं आयुष्य पाहूया आणि त्यातूनच जॉइन-डिटॅचचं गणितही समजून घेऊया.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या पॅकहाउसचं उदाहरण घ्या. निर्यातीचा कंटेनर भरायचा आहे. सुपरवायझरने चार टोळ्या चार प्लॉटवर तोडणीला पाठवल्या. चारही टोळ्यांचे क्रेट आल्याशिवाय कंटेनर बंद करता येत नाही. म्हणून तो थांबतो, प्रत्येक टोळीचे क्रेट मोजून घेतो आणि वहीतल्या नावावर खूण करतो. हे झालं जॉइन. त्याच वेळी त्याने एकाला सांगितलं, गेटजवळचा पाइप फुटलाय तो दुरुस्त कर आणि तसाच घरी जा. त्याची वाट कुणी पाहत नाही, वहीत त्याचं नावही नाही. हे झालं डिटॅच.

पीथ्रेड्समध्ये अगदी असंच होतं. ‘पीथ्रेड_क्रिएट’ने तयार केलेला थ्रेड वेगळं काही सांगितलं नाही तर जॉइनेबलच असतो. तो संपला तरी त्याचा आयडी, परत दिलेली किंमत आणि सहसा त्याचा स्टॅकसुद्धा सिस्टिम जपून ठेवते, कारण कुणीतरी ‘पीथ्रेड_जॉइन’ करून हिशोब घेईल अशी तिची अपेक्षा असते. डिटॅच्ड थ्रेड मात्र संपला की त्याचं सगळं सामान आपोआप आवरलं जातं. तो पुन्हा जॉइन करता येत नाही.

आता हे सगळं डाइक्स्ट्रांपर्यंत कसं जातं ते पाहू.

वकील व्हायचं होतं, झाले प्रोग्रामर

डाइक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिताची जाणकार. शाळेत असताना त्यांना कायदा शिकायचा होता, संयुक्त राष्ट्रसंघात देशाचं प्रतिनिधित्व करायचं होतं. पण विज्ञानात मार्क इतके चांगले पडले की १९४८ मध्ये ते लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळले.

१९५१ मध्ये ते इंग्लंडमधल्या केंब्रिजला प्रोग्रामिंगच्या एका छोट्या कोर्सला गेले. मॉरिस विल्क्स यांचा एड्सॅक कॉम्प्युटर तिथे होता. पुढच्याच वर्षी, मार्च १९५२ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये ते अर्धवेळ प्रोग्रामर म्हणून लागले. त्या काळी हा पेशा म्हणून कुणाला ठाऊकच नव्हता. १९५७ मध्ये मारिया डेबेट्स यांच्याशी लग्न झालं, तेव्हा नोंदणी कार्यालयाने ‘प्रोग्रामर’ हा व्यवसाय मान्य केला नाही आणि कागदावर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असं लिहावं लागलं.

त्याच्या वर्षभर आधी, १९५६ मध्ये, आरमॅक नावाच्या नव्या मशीनचं प्रात्यक्षिक लोकांना दाखवायचं होतं. सामान्य माणसाला कळेल असा प्रश्न हवा होता. डाइक्स्ट्रांनी दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायचा प्रश्न निवडला. होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पिताना, कागद-पेन न घेता, साधारण वीस मिनिटांत त्यांनी तो अल्गोरिदम डोक्यात जुळवला. द्वारका चौकात जाम लागल्यावर फोनवरचा मॅप दुसरा रस्ता सुचवतो, त्यामागे जी पायाभूत कल्पना आहे ती हीच. १९५९ मध्ये तो छापून आला. पण आपल्याला आज त्यांच्या दुसऱ्या कामाकडे जायचं आहे.

पुन्हा न सापडणाऱ्या बगची भीती

१९५० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये एक्स-वन नावाचं मशीन तयार होत होतं. ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टन हे हार्डवेअर पाहत होते, सॉफ्टवेअर डाइक्स्ट्रांकडे होतं. हार्डवेअरवाल्यांनी एक नवी सोय सुचवली : इंटरप्ट. म्हणजे प्रिंटर किंवा टेप रीडरने काम झालं की प्रोसेसरला मध्येच टोकायचं. त्यामुळे प्रोसेसरला नुसतं वाट पाहत बसावं लागणार नव्हतं.

आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. डाइक्स्ट्रा मात्र हादरले. तोपर्यंत एकच प्रोग्राम, तोच इनपुट दिला की मशीन दर वेळी तसंच वागायचं. चूक झाली तर पुन्हा चालवून शोधता यायची. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल हे मात्र सांगता येत नाही. मग चूक एकदा दिसेल, दहा वेळा दिसणारच नाही. टेस्टिंगवर भरवसा कसा ठेवायचा? सहकाऱ्यांनी त्यांचं मन वळवायला काही महिने घालवले. शेवटी ते तयार झाले आणि त्या इंटरप्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवरच १९५९ मध्ये त्यांनी पीएचडी केली.

ज्याने कधी रेस कंडिशन शोधली आहे त्याला ही भीती लगेच कळेल. लॅपटॉपवर प्रोग्राम शंभर वेळा नीट चालतो आणि सर्व्हरवर रात्री तीन वाजता पडतो. डाइक्स्ट्रांनी यातून एक धडा घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. समांतर चालणारी कामं चालवून तपासता येत नाहीत, ती कागदावर आधीच सिद्ध करावी लागतात. आणि सिद्ध करायची तर कोणतं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे प्रोग्राम वाचतानाच दिसायला हवं.

आइंडहोवन आणि १९६५ चं ते टिपण

१९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे १९६५ मध्ये त्यांनी ‘को-ऑपरेटिंग सिक्वेन्शियल प्रोसेसेस’ हे मोठं टिपण लिहिलं. आज ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात जे असतं, त्यातलं कितीतरी तिथे आहे : म्युच्युअल एक्सक्लूजन, सेमाफोर, डेडलॉक टाळायचा बँकर्स अल्गोरिदम. ‘डायनिंग फिलॉसॉफर्स’चं कोडंही त्यांनी त्याच वर्षी परीक्षेत घातलेल्या प्रश्नातून आलेलं आहे. मूळ प्रश्नात कॉम्प्युटर आणि टेप ड्राइव्ह होते, तत्त्वज्ञ आणि काटे टोनी होर यांनी नंतर आणले.

सेमाफोर हा शब्द रेल्वेचा. मनमाडच्या बाजूला जुन्या लोकांनी हात वर-खाली होणारे सिग्नल पाहिले असतील, तेच सेमाफोर. पुढचा ट्रॅक मोकळा नसेल तर गाडीने थांबायचं, मोकळा झाला की पुढे जायचं. डाइक्स्ट्रांनी ही कल्पना एका आकड्यात बसवली. ‘पी’ म्हणजे आकडा एकने कमी कर, शून्य असेल तर थांब. ‘व्ही’ म्हणजे एकने वाढव, कुणी थांबलं असेल तर त्याला सोड.

गंमत म्हणजे, जॉइन हे या दोन क्रियांतूनच बनवता येतं. सेमाफोर शून्यावर ठेवा. मुलगा थ्रेड शेवटच्या ओळीला ‘व्ही’ करेल. पालक थ्रेड ‘पी’ करून थांबेल. मुलाचं काम झाल्याशिवाय पालक पुढे सरकणारच नाही. झालं की जॉइन!

पण आपल्या विषयासाठी त्या टिपणातली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६३ मध्ये, अमेरिकेत मेल्विन कॉनवे यांनी ‘फोर्क’ आणि ‘जॉइन’ या दोन सूचना मांडल्या होत्या. फोर्कने काम फुटतं, जॉइनने पुन्हा एकत्र येतं. मात्र या दोन सूचना प्रोग्राममध्ये कुठेही लिहिता येतात. फोर्क इथे, जॉइन दहा पानं पुढे, किंवा नाहीच.

डाइक्स्ट्रांनी वेगळी रचना वापरली : ‘पारबिगिन’ आणि ‘पारएंड’. या दोन शब्दांच्या मध्ये लिहिलेली सगळी कामं एकाच वेळी सुरू होतात आणि त्यातलं शेवटचं काम संपेपर्यंत ‘पारएंड’ ओलांडता येत नाही. म्हणजे जॉइन करायला विसरायची सोयच ठेवलेली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती अख्खी जोडी एका साध्या ओळीसारखी दिसते : इथे सुरू झाली, इथे संपली. आत किती कामं समांतर चालली याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

टीएचई : घरी परतणाऱ्या प्रोसेसेस

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. आइंडहोवनमध्ये पाच-सहा जणांच्या टीमने एक्स-एट या मशीनसाठी ‘टीएचई’ नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. मशीनची मुख्य मेमरी सुमारे ३२ हजार शब्दांची होती. सिस्टिम थरांमध्ये रचलेली होती. सर्वांत खाली प्रोसेसर कुणाला द्यायचा हे ठरवणारा थर, त्याच्यावर मेमरीचा, सर्वांत वर वापरणाऱ्यांचे प्रोग्राम. १९६८ मध्ये त्यावरचा पेपर प्रसिद्ध झाला.

त्या पेपरमध्ये एक सुंदर मुद्दा आहे. टीएचईमधल्या प्रत्येक प्रोसेसला एक ‘घर’ आहे, म्हणजे हातात काहीच काम नसतानाची जागा. काम आलं की ती घराबाहेर पडते, दुसऱ्या प्रोसेसना कामं देऊ शकते. डाइक्स्ट्रांनी दाखवलं की एका कामातून निघणारी कामं कधी ना कधी संपतातच आणि मग सगळ्या प्रोसेस पुन्हा आपापल्या घरी येतात. सगळे घरी आहेत आणि तरी एखादं काम न उचललेलं पडून आहे, असं होऊ शकत नाही. हे त्यांनी टेस्टिंगने नाही, तर तर्काने सिद्ध केलं. पुढे टेस्टिंगमध्ये ज्या चुका सापडल्या त्या किरकोळ कोडिंगच्या होत्या, रचनेच्या नव्हत्या.

आपल्या सर्व्हरला हाच निकष लावून पाहा. शटडाउनचा सिग्नल आला, तर सगळे थ्रेड घरी आले हे तुमच्या प्रोग्रामला कळतं का? डिटॅच्ड थ्रेड मनमोकळेपणाने वापरले असतील तर बहुधा नाही.

‘गो टू’चं पत्र आणि नंतरची वर्षं

मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्रांचं ‘गो टू’ विरुद्धचं प्रसिद्ध पत्र छापून आलं. ‘गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल’ हे मथळ्याचे शब्द त्यांचे नव्हते, संपादक निकलाउस विर्थ यांनी दिले होते. मुद्दा साधा होता. ‘गो टू’ने प्रोग्राम कुठूनही कुठेही उडी मारतो, त्यामुळे लिहिलेलं वाचून चालताना काय होईल हे कळत नाही. लूप, इफ, फंक्शन या रचनांना एक सुरुवात आणि एक शेवट असतो, म्हणून त्या समजतात. ‘पारबिगिन’मागेही हाच विचार होता, हे लक्षात घ्या.

पत्रावर बराच वाद झाला. आइंडहोवनमध्ये मात्र विभागाला या कामात फारसा रस नव्हता आणि डाइक्स्ट्रांनी नैराश्याचा काळही पाहिला. त्यातून बाहेर येताना त्यांनी स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंगवरची टिपणं लिहिली. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७३ पासून ते बरोज कंपनीचे रिसर्च फेलो म्हणून न्यूनेन गावातल्या घरूनच काम करू लागले. १९८४ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त झाले.

कॉम्प्युटरच्या जगातला एवढा मोठा माणूस, पण लिहायचा फाउंटन पेनने. स्वतःच्या आद्याक्षरांवरून ‘ईडब्ल्यूडी’ असा क्रमांक टाकलेली १३०० हून जास्त टिपणं त्यांनी लिहिली. त्याच्या झेरॉक्स काही जणांना पाठवायचे, ते पुढच्यांना पाठवायचे. आपलं १९६५ चं टिपण त्यातलं १२३ क्रमांकाचं. कॅन्सर झाल्यावर ते २००२ मध्ये न्यूनेनला परतले आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला त्यांचं निधन झालं. वितरित संगणनातला एक महत्त्वाचा पुरस्कार २००३ पासून त्यांच्या नावाने दिला जातो.

मग पीथ्रेड्सने काय केलं?

१९९५ मध्ये पॉसिक्स थ्रेड्सचं स्टँडर्ड आलं. ते डाइक्स्ट्रांपेक्षा कॉनवेंच्या वाटेने गेलं. क्रिएट एकीकडे, जॉइन दुसरीकडे, जबाबदारी प्रोग्रामरची. शिवाय डिटॅचची सोयही दिली. त्यामुळे दोन्ही बाजूंनी घसरायला जागा तयार झाली.

पहिली घसरण : थ्रेड जॉइनेबल ठेवला आणि जॉइन केलाच नाही. लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारणपणे ८ एमबी ॲड्रेस स्पेस राखली जाते. प्रत्येक रिक्वेस्टला एक थ्रेड आणि कुणाचाच हिशोब नाही, असं चाललं तर ३ जीबी ॲड्रेस स्पेस असलेल्या ३२-बिट मशीनवर पावणेचारशेच्या आसपास थ्रेडनंतर ‘पीथ्रेड_क्रिएट’ फेल होतं. ६४-बिटवर वेळ जास्त लागतो, इतकंच.

दुसरी घसरण : थ्रेड डिटॅच केला आणि तो स्वतंत्र झाला असं समजलो. डिटॅच म्हणजे फक्त हिशोबाच्या वहीतून नाव काढणं. ‘मेन’ फंक्शन रिटर्न झालं की अख्खी प्रोसेस संपते, डिटॅच्ड थ्रेडसकट, मग तो फाइलच्या मधल्या ओळीवर का असेना. उलटही होतं. ज्या फंक्शनने थ्रेड सुरू केला ते संपतं, पण त्याच्या लोकल व्हेरिएबलचा पॉइंटर थ्रेड वापरतच राहतो. मग मेमरीत काहीही वाचलं जातं. आणि डिटॅच्ड थ्रेडला जॉइन करणं किंवा एकालाच दोनदा जॉइन करणं, याचं काय होईल याची हमी स्टँडर्ड देतच नाही.

सी प्लस प्लस २०११ ने यावर कडक उपाय केला. जॉइन किंवा डिटॅच न करता थ्रेडचं ऑब्जेक्ट नष्ट झालं तर प्रोग्रामच बंद पाडायचा. २०२० च्या आवृत्तीत ‘जेथ्रेड’ आला, जो नष्ट होताना स्वतःच जॉइन करतो. रस्टमध्ये हँडल टाकून दिलं की थ्रेड डिटॅच होतो, पण २०२२ पासून ‘स्कोप’ची सोय आहे. स्कोप संपायच्या आधी आतले सगळे थ्रेड जॉइन झालेले असतात. हे म्हणजे ‘पारबिगिन-पारएंड’च की!

२०१८ मध्ये नॅथॅनियल स्मिथ यांनी यावर मोठा लेख लिहिला आणि ‘गो’ भाषेतल्या ‘गो’ स्टेटमेंटला डाइक्स्ट्रांच्या पत्राचाच मथळा लावला. सुरू करून सोडून दिलेलं काम हे ‘गो टू’सारखंच, कारण त्याचा शेवट वाचताना दिसत नाही. या विचाराला आता ‘स्ट्रक्चर्ड कन्करन्सी’ म्हणतात. कोटलिन आणि स्विफ्टमध्ये तो आलेला आहे.

तर मग आपण काय करायचं?

डीफॉल्ट जॉइनेबल आहे, तो तसाच राहू द्या. ज्या फंक्शनमध्ये थ्रेड सुरू केला, शक्यतो त्याच फंक्शनमध्ये जॉइन करा. क्रिएट आणि जॉइन एकाच स्क्रीनवर दिसले तर अर्धी काळजी मिटली.

डिटॅच करायचाच असेल तर तीन प्रश्न विचारा. हा थ्रेड मध्येच तुटला तर काही बिघडेल का? तो वापरत असलेली मेमरी त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे का? बंद होताना त्याची वाट पाहायची वेळ आली तर कळेल कसं? तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर थ्रेड तयार करण्यापूर्वीच ॲट्रिब्यूट ऑब्जेक्टवर ‘पीथ्रेड_ॲट्र_सेटडिटॅचस्टेट’ने डिटॅच्ड स्थिती लावा. आधी जॉइनेबल तयार करून नंतर डिटॅच करण्यापेक्षा हे स्वच्छ, कारण कोड वाचणाऱ्याला हेतू तिथेच दिसतो. शटडाउनसाठी चालू थ्रेडचा एक काउंटर किंवा सेमाफोर ठेवा. प्रत्येक थ्रेड संपताना ‘व्ही’ करेल, मेन तितक्या वेळा ‘पी’ करेल. थ्रेड डिटॅच्ड असले तरी सगळ्यांचं काम उरकल्याची खात्री होते. मात्र ‘व्ही’नंतर थ्रेडने कशालाही हात लावायचा नाही.

हे तीन प्रश्न कोड चालवण्याच्या आधी विचारायचे आहेत. इंटरप्ट पाहून पंचविशीतला एक प्रोग्रामर घाबरला होता, त्याचं कारण तेच होतं. चालवून पाहिल्यावर सगळं ठीक दिसेल, आणि तरीही ते ठीक नसेल.

तुमच्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टमध्ये आज ‘पीथ्रेड_क्रिएट’ सर्च करा आणि प्रत्येकाच्या समोर त्याचा जॉइन कुठे आहे ते लिहा. जिथे रकाना रिकामा राहील, तिथून कामाला लागा.